आधी अर्ज, मग कुदळ

वाचकाचं पत्र:

"लॉस एंजेलिसच्या पोर्टर रँच भागात आमचं घर आहे. पुढच्या अंगणात साधारण ९०० चौरस फूट लॉन आहे आणि त्यात लिक्विडअंबरचं एक मोठं झाड. पाण्याचं बिल परवडेना म्हणून मार्चपासून स्प्रिंकलर बंद ठेवलेत, गवत पिवळं पडत चाललंय. एका कंत्राटदाराने कृत्रिम गवताचे १२,६०० डॉलर सांगितले. त्यातले ४,५०० डॉलर रिबेटमधून परत मिळतील असं तो म्हणतो आणि निम्मे पैसे आगाऊ मागतो. नवऱ्याचं म्हणणं, निदान जुनं गवत तरी या शनिवार-रविवारी आपणच उकरून टाकू, तेवढीच मजुरी वाचेल. दिवाळीला सासूबाई नाशिकहून येणार आहेत, त्यांना अंगणात कढीपत्ता आणि मोगरा हवाय. सगळं एकदम कसं जमवायचं?"

नमस्कार ताई,

शनिवारी कुदळ बाहेर काढू नका. लॉन काढण्याचं रिबेट, म्हणजे पाणी वाचावं म्हणून गवत काढून कमी पाण्याची बाग करणाऱ्याला पाणीखातं देतं ते पैसे, आधी मंजुरी, मग काम अशाच क्रमाने मिळतात. मंजुरी येण्यापूर्वी गवत उकरलं तर तुमच्याकडे फक्त उघडी माती उरते, आणि उघड्या मातीवर कुणी पैसे देत नाही. दरवर्षी कितीतरी घरांचं रिबेट नेमकं या एका घाईपायी बुडतं. उलट आजच स्प्रिंकलर आठवड्यातून एकदा चालू करा, गवताला थोडी हिरवाई येऊ द्या आणि चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. फोटोत फुटपाथ, ड्राइव्हवे आणि घराची भिंत दिसली पाहिजे, म्हणजे जागा कुठली याबद्दल शंका राहत नाही.

आता कंत्राटदाराचं बोलणं. ४,५०० हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही. एलएडीडब्ल्यूपीच्या, म्हणजे शहराच्या पाणी-वीज खात्याच्या निवासी ग्राहकांना चौरस फुटाला ५ डॉलर मिळतात: २ डॉलर मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट या प्रादेशिक पाणीसंस्थेचे, ३ एलएडीडब्ल्यूपीचे. मर्यादा ५,००० चौरस फुटांची. ९०० गुणिले ५ म्हणजे ४,५०० बरोबर. पण हे पैसे कृत्रिम गवताला मिळत नाहीत. पूर्वी मिळत असत, त्यामुळे तो गैरसमज अजून बाजारात फिरतो. आजच्या नियमांत कृत्रिम गवत स्पष्टपणे वगळलेलं आहे. म्हणजे त्या १२,६०० मधला एकही डॉलर परत येणार नाही.

निम्मी रक्कम आगाऊ मागणं तर कॅलिफोर्नियात कायद्यालाच धरून नाही. घराच्या कामासाठी कंत्राटदाराला एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जे कमी असेल तेवढंच आगाऊ घेता येतं. तुमच्या बाबतीत ती मर्यादा १,००० डॉलर. बागकामाच्या कंत्राटदाराकडे सी-२७ वर्गाचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागून घ्या आणि राज्याच्या कंत्राटदार परवाना मंडळाच्या, म्हणजे सीएसएलबीच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचं बोलणंच नको.

रिबेट नसतं तरी पोर्टर रँचमध्ये कृत्रिम गवत लावू नका असंच आमचं मत आहे. उन्हाळ्यात तिथे हवाच शंभर अंश फॅरनहाइटच्या वर जाते, आणि भर उन्हात प्लॅस्टिकच्या गवताचा पृष्ठभाग १५० अंशांच्याही पुढे तापतो. अनवाणी मूल त्यावर उभं राहू शकत नाही. गवताखाली खडी घालून जमीन ठोकून घट्ट करतात, म्हणजे लिक्विडअंबरच्या मुळांचं पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. आग लागली तर ते वितळतं आणि जळतं. शिवाय २०२३ च्या एसबी ६७६ कायद्याने शहरांना आणि काउंट्यांना निवासी जागेत कृत्रिम गवतावर बंदी घालण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे उद्याचा भरवसा नाही. मुलांना खेळायला हिरवळ हवीच असेल तर दीडशे चौरस फूट खरं गवत एका कोपऱ्यात राहू द्या आणि तेवढी जागा अर्जातल्या मापातून वगळा. रिबेट ७५० डॉलरनी कमी मिळेल, पण मुलांची जागा राहील.

अर्ज सोकॅलवॉटरस्मार्ट या रिबेटच्या संकेतस्थळावर भरायचा. एलएडीडब्ल्यूपीचा ग्राहक क्रमांक, अलीकडचं बिल, लॉनचे फोटो, मोजलेलं क्षेत्रफळ आणि नव्या बागेचा आराखडा लागतो. बिलावर जे नाव आहे त्याच नावाने अर्ज करा. मोजमाप स्वतः टेपने करा. पायवाट, ड्राइव्हवे, झाडाभोवतीचं विटांचं कडं हे सगळं वजा करा. मंजूर झालेल्या क्षेत्रापेक्षा जास्तीचे पैसे नंतर मिळत नाहीत, आणि प्रत्यक्षात कमी भरलं तर तेवढे कापले जातात. निधी संपला की दर बदलतो किंवा रांग लागते, म्हणून अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर जो दर दिसेल तोच धरून हिशेब मांडा.

आराखड्यात चार गोष्टी नसतील तर अर्ज परत येतो. दर १०० चौरस फुटांना किमान ३ झाडं, म्हणजे तुमच्या ९०० ला २७. उघडी माती कुठेही नको, सगळीकडे ३ इंच मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन. डोक्यावरून फवारणारे स्प्रिंकलर काढून ठिबक, किंवा ते बंद. आणि पावसाचं पाणी जागेवरच मुरवणारी एक तरी सोय. सिमेंट, काँक्रीट या मापात धरत नाहीत. पाणी झिरपणारी फरसबंदी चालते.

मंजुरीनंतर काम पुरं करायला १८० दिवस मिळतात, आणि इथेच तारखांचं गणित नीट बसवावं लागतं. आता एप्रिल आहे. अर्ज लगेच भरलात आणि मंजुरी मेच्या मध्यावर आली, तर मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जाते. हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे, कारण गवत मारायला जुलै-ऑगस्टचं ऊन लागतं आणि नवी झाडं लावायला ऑक्टोबर-नोव्हेंबर. मंजुरी आली म्हणून जूनमध्येच झाडं लावू नका. इथली देशी झाडं कोवळ्या मुळांनिशी सॅन फर्नांडो व्हॅलीच्या ऑगस्टमध्ये टिकत नाहीत. मग लोक घाबरून रोज पाणी देतात, आणि तापलेल्या ओल्या मातीत मुळं सडून उरलेलीही मरतात.

गवत कुठलं आहे ते आधी ओळखा. हिवाळ्यात पिवळं पडून एप्रिल-मेमध्ये पुन्हा हिरवं होत असेल, जमिनीवर आणि जमिनीखाली दोन्हीकडे पेरापेरांच्या काड्या पसरत असतील, तर ते बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. शेतात हरळी शिरली की काय होतं हे नाशिककडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्षभर हिरवं राहणारं, झुपक्यांनी वाढणारं, काड्या न सोडणारं असेल तर ते फेस्क्यू.

फेस्क्यू सोपं आहे. गवत अगदी खाली कापा, पाणी द्या, वर टेप-स्टेपल काढलेला साधा तपकिरी पुठ्ठा अंथरा. तुकडे एकमेकांवर ६ ते ८ इंच चढले पाहिजेत. पुठ्ठा भिजवून वर मल्च टाकला की गवत खालच्या खाली मरतं.

हरळीला पुठ्ठा पुरत नाही. ती फटीतून डोकं काढते, कडेने फिरून वर येते आणि दुसऱ्या वर्षी ठिबकच्या नळीलाच विळखा घालते. तिच्यासाठी ऊन वापरायचं. जूनअखेर गवत जमिनीलगत कापा, माती ८-१० इंच खोलपर्यंत भिजवा, वर पारदर्शक पातळ प्लॅस्टिक ताणून अंथरा आणि चारी कडा मातीत गाडा. काळं नको, मातीत ऊन उतरायला पारदर्शकच लागतं. सहा ते आठ आठवडे हलवू नका. प्लॅस्टिक फाटलं की वाफ निघून जाते, म्हणून फट दिसली की लगेच चिकटपट्टी लावा. कडेच्या फूटभर पट्ट्यात माती पुरेशी तापत नाही, तिथे सप्टेंबरमध्ये हाताने खणून काड्या वेचाव्या लागतील. शेजाऱ्याचं लॉनही हरळीचंच असेल तर हद्दीवर जमिनीत खोलवर पट्टी उभी गाडा, नाहीतर ती वर्षभरात परत येईल. लिक्विडअंबरच्या फांद्यांच्या सावलीखाली प्लॅस्टिक घालू नका, त्याची मुळं वरच असतात आणि ती भाजतात. तेवढा भाग हातानेच.

एक क्रम मात्र चुकवू नका: पाणी मुरवायचा चर आधी खणायचा, प्लॅस्टिक नंतर घालायचं. उलट केलंत तर खणताना खालची जिवंत मुळं वर येतात आणि आठ आठवड्यांचं ऊन वाया जातं. खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ ला फोन करा. गॅस, वीज, पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात ते कंपन्या फुकट आखून देतात.

चराचं माप असं काढा. छताच्या ज्या भागाचं पाणी पुढच्या पन्हाळीतून येतं तो ५०० चौरस फूट धरू. एक इंच पाऊस पडला की तिथून सुमारे ३१० गॅलन, म्हणजे ४१-४२ घनफूट पाणी उतरतं. १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ६ इंच खोल खळगा ४० घनफूट धरतो, तेवढा पुरे. घराच्या पायापासून तो किमान १० फूट लांब हवा. पोर्टर रँचचे प्लॉट उताराचे असतात, तेव्हा चौकोनी खळग्यापेक्षा उताराला आडवा, तळ सपाट असलेला चर बरा. पाणलोटाच्या कामात काढतात तो समतल चर अगदी हाच. निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी लावा. बांधावर देशी झाडं फार छान येतात, कारण त्यांच्या बुंध्याशी पाणी साचत नाही. जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडेल ती वाट रस्त्याच्या बाजूला दगड रचून ठेवा, शेजाऱ्याकडे नको. जागा पक्की करण्याआधी फूटभर खोल खड्डा दोनदा भरून पाहा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांत मुरलं नाही तर जागा बदला.

आता ठिबक. निम्म्या बागा या टप्प्यावर बिघडतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. स्प्रिंकलरच्या लाईनमध्ये दाब बराच जास्त असतो, ठिबकला २५ ते ३० पीएसआय पुरतो. म्हणून व्हॉल्व्हनंतर फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर दोन्ही लागतात. एकाच स्प्रिंकलरच्या जागी बसणारा तयार संच मिळतो, त्यात दोन्ही असतात. तो एका ठिकाणी बसवा आणि त्या व्हॉल्व्हवरचे बाकीचे सगळे स्प्रिंकलर टोपण लावून बंद करा. एक जरी उघडा राहिला तरी दाब तिथूनच निघून जातो आणि नळीच्या टोकाला थेंबही पोचत नाही.

आतच थेंबनळ्या असलेली अर्ध्या इंचाची नळी घ्या: दर १२ इंचांवर छिद्र, तासाला ०.६ गॅलन. ओळींत १८ इंच अंतर ठेवलं तर ९०० चौरस फुटांना ६०० फूट नळी आणि ६०० छिद्रं होतात. म्हणजे तासाला ३६० गॅलन. अर्ध्या इंचाच्या नळीला एका लाईनवर २०० फूट आणि तासाला २०० गॅलन ही मर्यादा धरून चालायचं, त्यामुळे दोन व्हॉल्व्ह लागतील. पुढच्या लॉनला बहुधा दोन असतातच, आधी पाहून घ्या. प्रत्येक व्हॉल्व्हवर नळीचे दोन फाटे काढा. टोकं बंद करण्यापूर्वी पाणी सोडून आतली माती वाहून जाऊ द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी छिद्रं बुजतात.

आणि टायमर बदला. स्प्रिंकलर तासाला दीड-दोन इंच पाणी टाकतात, ही नळी तासाला जेमतेम ०.६ इंच. जुनी आठ मिनिटांची वेळ तशीच राहिली तर वरचा मल्च ओला दिसतो आणि खाली मुळाशी कोरडं. ४५ मिनिटं चालवा, पण दिवस कमी करा. शहराच्या नियमाने सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत पाणी देता येत नाही, तेव्हा पहाटेची वेळ लावा.

लिक्विडअंबर आजवर लॉनच्या पाण्यावर जगलं आहे. लॉनचं पाणी तुटलं की दोन-तीन उन्हाळ्यांत ते शेंड्याकडून वाळू लागतं आणि कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. फांद्यांच्या टोकांखाली नळीची वेगळी दोन वेटोळी घाला आणि उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी खोल पाणी द्या. खोडाला मल्च चिकटू देऊ नका, अर्धा फूट मोकळा ठेवा.

झाडांची निवड करताना तुमचा भाग आगीच्या पट्ट्यात मोडतो हे धरून चाला. ऑक्टोबर २०१९ च्या सॅडलरिज आगीत पोर्टर रँच रिकामं करावं लागलं होतं. घराच्या भिंतीपासून पहिल्या ५ फुटांत लाकडी मल्च आणि झुडपं अजिबात नकोत, तिथे खडी घाला. वाऱ्याने उडालेली ठिणगी आधी तिथेच पडते. सगळी २७ झाडं उरलेल्या भागात बसवा आणि आराखड्यात तसंच दाखवा. चराच्या तळाशी डीअर ग्रास आणि यॅरो, बांधावर क्लीव्हलँड सेज, कॅलिफोर्निया बकव्हीट आणि कॅलिफोर्निया फ्युशिया. डीअर ग्रास आणि सेज दोन्ही चार-पाच फूट पसरतात, रोपाच्या आकाराला फसून दाटीवाटीने लावू नका. एका गॅलनच्या कुंडीतली रोपं घ्या. पाच गॅलनची मोठी दिसतात, पण लहान रोपं लवकर मूळ धरतात आणि खर्चही निम्म्याहून कमी. व्हॅलीतच सन व्हॅलीला थिओडोर पेन फाउंडेशनची देशी झाडांची रोपवाटिका आहे, तिथे बघून घ्या.

खड्डा रोपाच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. आधी खड्डा पाण्याने भरून मुरू द्या, मग रोप बसवा. देशी झाडांना शेणखत, कंपोस्ट काही घालू नका. पहिले काही आठवडे ठिबकवर विसंबू नका. नळीचं छिद्र नेमकं कुंडीच्या मातीच्या गोळ्यावर पडेलच असं नाही, म्हणून झारीने बुंध्याशी पाणी द्या. पाऊस नसेल तर पहिल्या हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पहिल्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांनी एकदा.

मल्च ९०० चौरस फुटांना ३ इंच म्हणजे साधारण ८ घनयार्ड. शहराच्या सॅनिटेशन विभागाच्या केंद्रांवर फुकट मिळतो, फक्त त्यात प्लॅस्टिकचे तुकडे असतात, पसरताना वेचावे लागतात. फुटपाथच्या कडेची फूटभर माती आधी ३-४ इंच खाली घ्या. नाहीतर पहिल्या पावसात सगळा मल्च फुटपाथवर.

एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना असेल तर त्यांना आराखडा दाखवून परवानगी घ्या, पण कमी पाण्याच्या झाडांना ते सरसकट नाही म्हणू शकत नाहीत. सिव्हिल कोडचं ४७३५ वं कलम ते मना करतं.

सासूबाईंचा मोगरा मोठ्या कुंडीत पोर्चजवळ लावा, त्याला ठिबकच्या बागेपेक्षा जास्त पाणी लागतं. कढीपत्त्याबाबत मात्र सावध राहा. लिंबू-संत्र्यांचा हिरवेपणाचा रोग पसरवणारी सायलिड कीड कढीपत्त्यावर वाढते. कॅलिफोर्नियात हा रोग २०१२ मध्ये पहिल्यांदा लॉस एंजेलिस काउंटीतल्याच हॅसिएंडा हाइट्सला सापडला. कढीपत्त्याची रोपं आणि ताजी पानं क्वारंटीनच्या हद्दीबाहेर न्यायला बंदी आहे. मैत्रिणीने सॅन डिएगोहून गाडीतून रोप आणलं, किंवा सासूबाईंनी पिशवीत काडी बांधून आणली, असं होऊ देऊ नका. परवानाधारक नर्सरीतून, चिठ्ठी लावलेलं रोप विकत घ्या आणि कुंडीतच ठेवा. नव्या पालवीवर मेणाच्या पांढऱ्या तंतूंसारखं काही दिसलं तर काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयाला कळवा.

काम संपलं की त्याच जागांवरून, त्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा. चर, ठिबकचा फिल्टर, बंद केलेले स्प्रिंकलर यांचे जवळून फोटो मल्च टाकण्याआधी घ्या, नंतर ते दिसत नाहीत. बिलं वस्तूवार असू द्या. तपासनीस प्रत्यक्ष पाहायला येऊ शकतो. अर्जासोबत डब्ल्यू-९ हा करासाठीचा फॉर्म मागतात, आणि रकमेनुसार पुढच्या वर्षी १०९९, म्हणजे मिळालेल्या पैशांची करासाठीची नोंद येऊ शकते. चेक आला त्याच आठवड्यात त्याची प्रत तुमचा कर भरणाऱ्या सीपीएकडे द्या.